कोपऱ्यातली सुई

कारखान्याच्या फॉर्मवर एक चौकट होती. ‘आराखडा कोणाचा’ असं वर छापलेलं होतं आणि आत दशांशचं नाव टाईप केलेलं होतं. आराखडा माझा होता.

भांडण एवढंच. पण मी ते सुरुवातीपासून सांगणार आहे, कारण अकरा वर्षं तोंडाला कुलूप लावून पाहिलं आणि ‘शांत स्वभावाच्या आहेत’ या शेऱ्यापलीकडे माझ्या पदरात काही पडलं नाही.

माझी नेमणूक मदतनीस म्हणून झाली. मदत कोणाला आणि कशात, हे कागदावर कुठंच लिहिलेलं नाही, म्हणजे सगळ्यांना आणि सगळ्यात. आमच्या प्रयोगशाळेत मेंदूतल्या पेशींचं बोलणं ऐकतात. पेशी बोलते म्हणजे विजेचा एक ठोका देते. तो इतका क्षीण असतो की ऐकायचा तर सुई थेट तिच्या शेजारी न्यावी लागते, आणि नेताना ती पेशी मरता कामा नये. मेलेली पेशी बोलत नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ऐकवते. ते मान डोलावतात आणि वहीत लिहून घेत नाहीत, कारण मी काही त्यांची प्राध्यापक नाही.

सुया मी करते. आधी टंगस्टनच्या तारेच्या करायची. तार खाराच्या पाण्यात बुडवायची, वीज सोडायची आणि हळूहळू वर ओढत टोक झिजवायचं. मग तिच्यावर वार्निश चढवायचं आणि टोकाशी फक्त दोन-चार मायक्रॉन उघडं ठेवायचं. डोक्यावरचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो, त्यावरून काय ते समजा. हे मला कुणी शिकवलं नाही. माझे बाबा घड्याळजी. दहावी झाली तशी मी त्यांच्या दुकानात बसले आणि चौदा वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडत राहिले. लोकांनी मनगटावर घड्याळं बांधायची सोडली, दुकान बंद झालं, आणि त्याच महिन्यात प्रयोगशाळेची जाहिरात आली: बारीक कामाचा हात असलेली व्यक्ती पाहिजे. मुलाखतीत सरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटून दिला आणि म्हणाले, “याला गाठ मारून दाखवा.” मी दोन मारल्या. सरांच्या डोक्यावर तेव्हा केस होते.

त्या दिवसापासून मी सुईबाई.

चार वर्षांपूर्वी सिलिकॉन आलं. सिलिकॉनची सुई गोल नसते, चपटी असते, पातीसारखी. तिच्या अंगावर एका रांगेत सोळा ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक कान. माझी तार एका जागचं ऐकायची, ही सोळा जागांचं ऐकते. चांगलीच गोष्ट आहे. मला तिचा राग नव्हता. राग होता तो असा, की ती हाताने करायची नसते. कॉम्प्युटरवर काढायची, आराखडा कारखान्यात पाठवायचा, आणि तीन महिन्यांनी ताटलीएवढ्या चकतीवर शेकडो सुया कोरून येतात. वर्षातून एकदाच. चुकलं तर वर्ष गेलं. हे काढायला सरांनी एक पीएच.डी. झालेला तरुण आणला.

त्याला दशांश हे नाव मी ठेवलं. तीन दशांश स्थळांशिवाय त्याच्या तोंडून आकडा निघत नाही. चहाला कधी जायचं विचारलं तर म्हणतो, “तीन पूर्णांक सात पाच शून्य.” म्हणजे पावणेचार. माणूस वाईट नाही. पण त्याने आयुष्यात कधी सुई मेंदूत घातलेली नव्हती. घालायचं काम माझं. उंदराला भूल दिलेली असते, कवटीला बारीक खिडकी पाडलेली असते, आणि मी चाक फिरवत सुई एकेक मायक्रॉन खाली सोडते.

त्याच्या सुया आत जायच्याच नाहीत. मेंदूवर एक पातळ पडदा असतो. सायीवर बोट टेकवलं की साय कशी फाटत नाही, नुसती खोलगट होते, तसा तो पडदा दबत जायचा. मग एकदम फाटायचा आणि सुई धस्सकन आत. तोवर खालच्या पेशी चेंगरून गेलेल्या. स्क्रीनवर सोळाच्या सोळा रेषा सपाट.

“टोक बोथट आहे,” मी सांगितलं.

दशांशने आराखडा मोठा करून दाखवला. “हे बोथट दिसतंय तुम्हाला?”

स्क्रीनवर ते टोक छत्रीच्या टोकाएवढं होतं. “डॉक्टर, स्क्रीनवर मुंगीसुद्धा हत्तीएवढी करता येते,” मी म्हणाले. “म्हणून ती सोंड हलवणार आहे का?”

तो हसला, पण टोक काही बदललं नाही. पुढच्या वर्षीच्या सुयाही तशाच आल्या. सलग नऊ दिवस सपाट रेषा पाहिल्यावर सर माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “सुईबाई, तुमचा हात जड झालाय का अलीकडे?”

मी सुई वर घेतली आणि पुसून ठेवली. पण ते वाक्य मी घरी घेऊन गेले, जेवताना समोर ठेवलं, झोपताना उशाशी ठेवलं. माझ्याकडे पदवी नाही, पद नाही, खोली नाही. होता तो हात होता, आणि हा माणूस त्यालाच नावं ठेवत होता.

तिसऱ्या वर्षी आराखडा पाठवायची वेळ आली. चकती गोल असते आणि सुयांचे गट चौकोनी, त्यामुळे कडेला एखादा कोपरा रिकामा राहतोच. दशांशने तीन आराखडे बसवले, एक, दोन, तीन असे क्रमांक दिले आणि उरलेल्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाला, “इथं काहीतरी भरायला हवं. सुईबाई, तुम्ही काढता का? फूल काढा. पक्षी काढा.”

“काढते,” मी म्हणाले.

त्याला वाटलं मी गंमत करतेय. पण त्याच्या फाईलमधली मापं मी दोन वर्षं तपासून देत होते, त्याच्या कॉम्प्युटरवर रेष कशी ओढायची, मिटवायची, हलवायची हे मला पाहून पाहून पाठ झालं होतं. त्याचा पासवर्डही पाठ होता. तीन आठवडे तो जेवायला गेला की मी त्याच्या खुर्चीत बसायचे आणि एका हाताने डबा खात दुसऱ्या हाताने सुई काढायचे.

टोक मात्र जमेना. दोन्हीकडून निमुळतं करत न्यावं तर ते इतकं नाजूक व्हायचं की मोडणार हे मला न मोडताच दिसत होतं. शेवटी कागदावर मोठं करून काढलं आणि बाबांसमोर ठेवलं. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. हात थरथरतो, तरी जुन्या हत्यारांची पेटी पलंगाखाली असते आणि ती हलवलेली त्यांना चालत नाही.

“हे काय आहे?” त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. “भाला?”

“सुई. मेंदूत घालायची.”

“कुणाच्या?”

“उंदराच्या.”

“उंदराने काय घोडं मारलंय तुमचं?” ते बराच वेळ कागद फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, “अगं पण टोक मधोमध कशाला? तुला काय फेकून मारायचीय का ती? पेटी काढ.”

पेटीतून त्यांनी कोरणी काढली. घड्याळाच्या झाकणावर कोरायची ती. तिचं टोक मधोमध नसतं. एक बाजू सरळ खाली येते आणि दुसरी तिला लांबून तिरकी येऊन मिळते, म्हणून ती बारीकही असते आणि मोडतही नाही. चौदा वर्षं मी ती हातात धरली होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिथंच बसून मला स्वतःचा इतका राग आला की हसूच फुटलं.

“हसतेस काय?” बाबा म्हणाले. “आणि हे बघ, चालू घड्याळ उघडलं आणि उघडताना बंद पडलं तर गिऱ्हाइकाला तोंड दाखवू नये. उंदराचंही तेच.”

मी टोक तिरकं केलं. पात्याची रुंदी दशांशच्या सुईच्या निम्मी केली, साठ मायक्रॉन, केसाहून बारीक. आणि ठिपके मधल्या रेघेवर न ठेवता काठावर घेतले. हे पुस्तकात नव्हतं. पण पातं आत घुसलं की त्याच्या चपट्या तोंडासमोरच्या पेशी मागे ढकलल्या जातात आणि काठाशेजारच्या तशाच जागेवर राहतात, एवढं अकरा वर्षांच्या खुपसण्यातून मला कळलेलं होतं. मग सुईच्या वरच्या डोक्यावर, एका आडव्या रांगेत, सोळा पाय काढायचे उरले. ह्या पायांतून ठिपक्यांचं बोलणं तारेत जातं. त्यांचा क्रम जुन्या जोडपट्टीशी, म्हणजे ज्या पट्टीत हे पाय बसतात तिच्याशी, जुळायला हवा, म्हणून मी ती जोडपट्टी माझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवली, पाय एक ते सोळा मोजले आणि दिसले तसे काढले. शेवटच्या दिवशी दशांशने फाईल उघडली, कोपऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हे फूल नाही.”

“नाही.”

त्याने ते पुसून टाकलं असतं तर मी काहीच करू शकले नसते. त्याने पुसलं नाही, ‘कोपरा’ असं नाव दिलं आणि पाठवून दिलं. हे त्याच्या बाजूने मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे तो जे वागला तेही मी सांगणार आहे.

तीन महिन्यांनी चकती आली. एक नंबरची सुई सपाट. दोन नंबरची सपाट. तीन नंबरच्या दोन रेषा थोड्या कुरकुरल्या आणि गप्प झाल्या. दशांशने घड्याळ पाहिलं, “तीन पूर्णांक सात पाच शून्य,” असं मेल्या आवाजात म्हणाला आणि चहाला गेला. मी कोपऱ्यातली सुई चिमट्याने उचलली.

पडद्यावर टेकवली. चाक फिरवलं. पडदा दबला का पाहायला डोळा लावला, तर तोवर सुई आत गेलेली होती. नुसती गेली. कसलाही धक्का नाही, सायीला खड्डा नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी स्क्रीनकडे वळले आणि काटा तिथल्या तिथे बसला.

स्क्रीनवर सोळा रेषा एकाखाली एक असतात. सगळ्यात खालची रेष म्हणजे सुईचं टोक. सुई आत शिरताना आधी टोक शिरणार, म्हणजे आधी खालची रेष जागी व्हायला हवी, मग तिच्या वरची, मग तिच्या वरची. इथं सगळ्यात वरची जागी झाली होती. मी आणखी सोडली. वरून दुसरी जागी झाली. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा तर माझी सुई उंदराच्या डोक्यात शेपटीकडून शिरत होती.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग मान वळवून माझ्या मायक्रोस्कोपकडे पाहिलं आणि कानशिलं तापली.

तो मायक्रोस्कोप जुना आहे. त्यात सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. सुलट दाखवणारा नवा आहे, पण तो दशांशच्या खोलीत, कारण त्याला पदवी आहे. अकरा वर्षं उलट्यात काम करून माझ्या हातांना उलटं हेच सुलटं झालंय. डावीकडे दिसलं की हात आपोआप उजवीकडे जातो, मला विचारत नाही. जोडपट्टीचे पाय मी त्या मायक्रोस्कोपमधून मोजले होते. टोक खाली असतं हे कुणालाही कळतं, म्हणून वर-खाली मी नीट केलं. डावं-उजवं तसंच उतरवलं. पहिला पाय सोळाव्याच्या जागी आणि सोळावा पहिल्याच्या.

मी मागची जोडणी काढली, फिरवून उलटी बसवली आणि सुई वर घेऊन पुन्हा सोडली. खालची रेष जागी झाली. मग तिच्या वरची. मग तिच्या वरची. बाराव्या रेषेपर्यंत गेल्यावर मी स्पीकर चालू केला आणि खोलीभर ठोके झाले. स्वच्छ, एकेक वेगळा, जवळून बोलणाऱ्या माणसासारखा. पहिल्यांदाच आमच्या खोलीत पेशी अशा बोलल्या आणि त्या माझ्या सुईतून बोलल्या. मी एकटीच होते. सांगायला लाज कशाची, मी उठून टेबलाला एक चक्कर मारली, वरातीतल्यासारखी.

आवाज ऐकून सर धावत आले, मागून कप हातात घेऊन दशांश आला. सरांनी विचारलं, “ही कुठली?”

“कोपरा,” दशांश म्हणाला.

“हात जड झालाय माझा,” मी म्हणाले. सरांना काही आठवलं नाही. बोलणाऱ्याला आठवत नाहीच.

जोडणी फिरवल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. चूक होती आणि मला तिची शरम वाटत होती. हे माझं चुकलं.

पुढे सगळं भराभर झालं. दोन महिने मी त्या सुया लावल्या आणि प्रत्येक वेळी पेशी बोलल्या. कारखान्याने कळवलं की हा आराखडा ते कायमचा घेणार, दीड हजार सुया काढून इतर प्रयोगशाळांना देणार, आणि आराखडाकाराचं नाव प्रत्येक डबीवर छापणार. फॉर्म आला. सरांनी तो टाईप करून टेबलावर ठेवला आणि मी त्यांच्या खोलीत पुसायला म्हणून गेले तेव्हा वाचला.

“सर, या चौकटीत चुकलंय.”

“कुठं?”

“नाव.”

सरांनी चष्मा काढला. “त्याचं असं आहे, सुईबाई. त्या चौकटीखाली आणखी एक चौकट आहे. पदवी. तिथं काय लिहू?”

“रिकामी ठेवा.”

“रिकामी ठेवली तर फॉर्म परत येतो.”

“येऊ दे.”

“तुमचं नाव आभारात आहे. अगदी पहिलं. मोलाची मदत, असं लिहिलंय मी.”

“मदत कोणाला, सर? काढली मी, खुपसली मी. मीच मला मदत केली का?”

सर हसले. “चिडू नका. आपण एक कुटुंब आहोत.”

वरिष्ठ माणूस कुटुंब म्हणाला की ओळखावं, भांडी कोणाच्या वाट्याला येणार आहेत. मी तिथून निघाले ती थेट दशांशकडे. तो मला पाहून उभा राहिला.

“मी काहीच बोललो नाही,” तो म्हणाला. “सरांनीच टाईप केलं.”

“तेच म्हणतेय मी. तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

माझ्याकडे पुरावा नव्हता. फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या पासवर्डने झालेली. कागदावरचा भाला बाबांनी चष्मा गुंडाळायला वापरला होता. सही व्हायला आठ दिवस होते आणि त्या आठ दिवसांत माझ्या सुईवर दुसऱ्याचं नाव छापलं जाणार होतं, दीड हजार डब्यांवर.

सहीला कारखान्याच्या मुख्य अभियंता स्वतः आल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात कामाचे बूट. आमच्या खोलीत येणारे पाहुणे आधी भिंतीवरची प्रमाणपत्रं बघतात. या बाईंनी आधी माझं टेबल पाहिलं. मग आराखड्याचा मोठा कागद पसरला आणि त्यावर बोट ठेवलं.

“एक शंका आहे. एक, दोन, तीन, तिन्ही आराखड्यांत पायांचा क्रम डावीकडून आहे. या चौथ्यात उजवीकडून. का?”

सरांनी कागदाकडे पाहिलं. ते त्यांनी त्याआधी पाहिलेलंच नव्हतं, हे माझ्यासारखीला पाठीमागूनसुद्धा दिसलं. “ती मुद्दाम केलेली रचना आहे,” ते म्हणाले.

“कशासाठी?”

“गोंगाट कमी होतो. विजेचा.”

“अच्छा. किती?” बाई दशांशकडे वळल्या. चौकटीत नाव त्याचं होतं ना.

दशांशने तोंड उघडलं. “साधारण,” तो म्हणाला, आणि थांबला. “बऱ्यापैकी.”

मी त्याला ओळखायला लागल्यापासून त्याच्या तोंडून पहिल्यांदाच दशांश चिन्ह गळून पडलं होतं.

“मग क्रम असाच ठेवायचा,” बाई म्हणाल्या. “दीड हजार अशाच काढते.” आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

मी कोपऱ्यात उभी होते. गप्प बसले असते तर दीड हजार सुया उलट्या निघाल्या असत्या. कुठल्यातरी प्रयोगशाळेत माझ्यासारखीच कुणीतरी ती सुई सोडणार, स्क्रीनवर तिला उलटं दिसणार, आणि मागून कुणीतरी म्हणणार, हात जड झालाय का तुमचा. बोलले असते तर माझी चूक सगळ्यांसमोर उघडी पडणार होती, आणि सरांना आयतंच सापडणार होतं: बघा, म्हणूनच पदवी लागते. मला विचार करायला फार वेळ लागला असं मी म्हणणार नाही. माझी सुई होती.

“मुद्दाम नाही,” मी म्हणाले. “ती चूक आहे.”

बाईंनी टोपण तसंच हातात धरलं. “कोणाची?”

“माझी. आराखडा माझा आहे, म्हणून चूकही माझी.”

“या आमच्या मदतनीस,” सर घाईने म्हणाले. “फार कष्टाळू आहेत. सुईबाई, आपण नंतर...”

“नंतर नाही, सर. नंतर छापून होईल.” मी बाईंकडे पाहिलं. “दोन मिनिटं इकडे येता का?”

त्या आल्या. मी जुनी जोडपट्टी माझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवली. तिच्या पहिल्या पायाशी एक बारीक खूण असते. “खूण कुठल्या बाजूला दिसतेय?”

बाईंनी डोळा लावला. “उजव्या.”

“आता डोळा काढा आणि नुसतं बघा.”

त्यांनी पाहिलं. खूण डावीकडे होती. त्यांनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा काढला. मग माझ्या स्टुलावर बसल्या, चिमटा उचलून जोडपट्टी सरकवायला गेल्या, ती भलतीकडे गेली आणि त्या हसायला लागल्या.

“यावर काम करता तुम्ही?”

“अकरा वर्षं. मला आता हेच सुलट वाटतं. पाय यातून मोजले आणि दिसले तसे काढले. इथं मी मागची जोडणी फिरवून लावते, म्हणून चालतंय. दुसरीकडे कुणाला कळणार नाही.”

बाई दशांशकडे वळल्या. “तुमचा मायक्रोस्कोप कुठला?”

दशांशने सरांकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“माझा सुलट दाखवतो,” तो म्हणाला. “माझ्या हातून ही चूक झालीच नसती.” आणि मग, “कोपरा माझा नाही. मी तिथं फूल काढायला सांगितलं होतं.”

“मी वीस वर्षं लोकांच्या चुका छापतेय,” बाई म्हणाल्या. “ही चूक करायलासुद्धा आधी अकरा वर्षं या स्टुलावर बसावं लागलं असतं.” त्यांनी फॉर्म ओढला, टाईप केलेल्या नावावर आडवी रेघ मारली आणि पेन माझ्याकडे केलं.

मी माझं नाव लिहिलं. सगळं लिहिलं, आईवडिलांनी ठेवलेलं, जे या इमारतीत हजेरीपत्रकाशिवाय कुणाला माहीत नाही. खाली पदवीची चौकट होती. तिच्यात मी लिहिलं: घड्याळदुरुस्ती, चौदा वर्षं.

“ही पदवी नाही,” सर म्हणाले.

“फॉर्म माझा आहे,” बाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “क्रम असाच ठेवू या का? जोडणी फिरवून लावा अशी सूचना छापते. आता ती तुमची खूणच झाली.”

“नको. माझी आहे म्हणून काही ती लाडकी नाही. सुलट करून देते, आत्ताच.”

मी दशांशच्या खोलीत गेले. जेवणाची वेळ नव्हती, डबा नव्हता. त्याने स्वतः पासवर्ड टाकला आणि खुर्ची मागे ओढून धरली. मी बसले आणि दिवसाउजेडी, सरांच्या देखत, सोळा पाय एकेक करून जागेवर आणले. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पाऊण तास लागला. दशांश म्हणाला, “सेहेचाळीस पूर्णांक पाच शून्य शून्य मिनिटं,” आणि मी हसले. माफ केलेलं नाही. नुसती हसले.

संध्याकाळी घरी गेले. बाबा खिडकीशी बसले होते. पेशींचे ठोके मी फोनमध्ये घेऊन आले होते, काही न सांगता लावले आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सवयीने कानाशी धरला, थरथरत्या हातावर दुसरा हात ठेवून, दुकानात घड्याळ धरायचे तसा. डोळे मिटले.

“चाल धड नाही याची,” ते म्हणाले. “मध्येच धावतंय, मध्येच थांबतंय. कुणाचं आहे?”

“उंदराचं. माझ्या सुईतून ऐकलेलं. नाव लागलं तिला, बाबा. माझं.”

त्यांनी फोन खाली घेतला नाही. आणखी थोडा वेळ ऐकत राहिले.

“उघडल्यावर बंद नाही ना पडलं?”

“नाही.”

“मग बरोबर आहे,” ते म्हणाले आणि फोन दुसऱ्या कानाशी नेला.